मुख्याध्यापकांमार्फत

धाकटे, तू तो व्हिडिओ पाठवलास त्या दिवशी मी पुस्तकांचं कपाट आवरत होते. तुझ्या मेसेजमध्ये एवढंच होतं, "आजी, हे तुझे लाडके विचारवंत ना? आता काय म्हणशील?" आणि खाली डोळे फिरवणारा एक पिवळा चेहरा. त्या गृहस्थांची अकरा पुस्तकं माझ्याकडे आहेत, निघाली त्या क्रमाने लावलेली. मी हातातलं फडकं ठेवलं, चष्मा बदलला आणि ऐकलं.

पुण्यातल्या कुठल्याशा सभागृहात ते बोलत होते. नोकरीच्या ठिकाणी छळ झाला म्हणून पुष्कळ वर्षांनी तोंड उघडणाऱ्या बायकांचा विषय निघाला आणि ते म्हणाले, की वीस वीस वर्षं गप्प बसलेल्या बाईला न्याय नको असतो, श्रोते हवे असतात. त्या वेळी एक अर्ज लिहायला कागद आणि पेन पुरलं असतं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकाही वाजवत होत्या.

मी तुला इंग्रजीत उत्तर लिहिलं. तीन मुद्दे, क्रमांक घालून. पहिला, त्यांचं वाक्य संदर्भ सोडून फिरवलं जातंय. दुसरा, आरोप झालेल्या माणसालाही बाजू असते. तिसरा, जे कागदावर आलं नाही ते तपासायचं कसं? तू "ओके आजी" एवढंच लिहिलंस. तुझ्या "ओके"चा अर्थ मला कळतो. हे सगळं त्या तिसऱ्या मुद्द्याबद्दल आहे, आणि तुझ्या थोरल्या भावानेही ते वाचावं.

आमचं महिला वाचन मंडळ दर शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या माडीवर भरतं, तुम्हाला ठाऊक आहे. मागे आलात तेव्हा तिथे पंख्याखाली बसून दोघेही कंटाळला होतात. मी चिटणीस. इतिवृत्त मी लिहिते आणि घंटाही मीच वाजवते. महिन्यातून एकदा वादसभा असते. एकीने बाजूने बोलायचं, एकीने विरुद्ध, सात-सात मिनिटं. मग ज्यांनी आधी नाव दिलं असेल त्यांना दोन-दोन मिनिटं. नाव दिलं नसेल तर बोलायचं नाही. हा नियम मी केला, कारण त्याआधी सगळ्या एकदम बोलायच्या आणि विषय कुठलाही असला तरी गाडी सुनांवर येऊन थांबायची.

त्या महिन्याला हाच विषय घ्यावा असं मीच सुचवलं. बाजूने बोलायलाही मीच उभी राहिले.

आधी विरुद्ध बाजू झाली. आमच्यात सगळ्यात तरुण आहे ती बँकेत नोकरी करते. ती म्हणाली, "उशिरा बोललं म्हणून जर ते खोटं, तर आपण सगळ्या आपल्या सासवांबद्दल आत्ता जे बोलतो ते सगळंच खोटं म्हणायचं."

"तर काय गो!" आमच्या बागवाल्या वहिनी मागून म्हणाल्या. त्यांची आंब्याची कलमं आहेत आणि कलमांच्या खाली उभं राहून गडी माणसांना हाका मारून मारून आवाज तसाच झालाय. "माझं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे, अजून रोज बोलते. संपत नाही."

सगळ्या हसल्या. अध्यक्ष आहेत त्या सरकारी इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांनी नुसता पंजा वर केला आणि वॉर्ड शांत व्हावा तशी खोली शांत झाली.

मग मी बोलले. मी चांगलं बोलते हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत पस्तीस वर्षं बोलत आले. मी म्हटलं, मला त्या बायकांविषयी सहानुभूती आहे, पण सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. म्हटलं, आपण दूधवाल्याचा खाडासुद्धा कॅलेंडरवर लिहितो, मग आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट एखादी शिकलेली बाई लिहून ठेवत नाही, कुणाला देत नाही, हे पटतं का? "कागद कुठे आहे?" असं मी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा हळू आवाजात. ती माझी जुनी सवय. वर्गात हळू बोललं की पोरं जास्त ऐकतात.

मी खाली बसले आणि दाराजवळ एक हात वर झाला.

ती पालीहून येते. तिला मी इथे पालीचीच म्हणते. पावणेसहाची एसटी गाठायची असते म्हणून नेहमी दाराजवळच्या खुर्चीत बसते. तीन वर्षांपूर्वी मंडळात आली, पुस्तकं वेळेवर परत करते आणि वादसभेत कधी बोलत नाही.

"मी दिला होता कागद," ती म्हणाली.

"कसला गो कागद?" वहिनी.

"अर्ज. शाळेत होते तेव्हा. मुख्याध्यापकांविरुद्ध." ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. "ते मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. मी सगळं लिहून दिलं होतं. तो अर्ज पुढे गेला नाही."

मी घंटा वाजवली.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. मी घंटा वाजवली आणि म्हटलं, "तुम्ही नाव दिलेलं नाही. पुढच्या वेळी आधी नाव द्या." एरवी मी तिला अगं-तुगं करते. त्या दिवशी "तुम्ही" म्हटलं.

तिने घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. गाडीला अजून अर्धा तास होता.

जिन्यावरची तिची पावलं थांबली. मग वहिनी म्हणाल्या, "दिला होता म्हणे. मग कुठाय?"

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्याच शाळेत होतात ना तेव्हा? पर्यवेक्षिका? असं काही आलं होतं का?"

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"झालं तर!" वहिनी म्हणाल्या. "बाईंना आठवत नाही म्हणजे झालंच नसणार. आमच्या मुलाचा सातवीतला नंबरसुद्धा पाठ आहे यांना."

"पण ती खोटं कशाला बोलेल?" बँकेतली म्हणाली.

"ऐकायला माणसं हवीत ना, त्या पुण्याच्या भाषणात सांगितलं तसं," वहिनी म्हणाल्या.

दोघी-तिघी हसल्या. मी वह्या गोळा केल्या आणि पंखा बंद केला.

मला आठवत होतं. वार शुक्रवार, कारण शुक्रवारी मी शिक्षकांची पाठटाचणं तपासत असे, म्हणजे पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते लिहिलेल्या वह्या. ती तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची. कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत तात्पुरती घेतलेली, गणित आणि विज्ञानाला. तिने वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाई, आतला कागद आधी वाचा."

घडी घातलेला फुलस्केप होता. दीड पान, सुवाच्य अक्षर. संस्थेच्या कार्यवाहांच्या नावे लिहिलेला. मुख्याध्यापक हजेरीपट तपासायचा म्हणून शाळा सुटल्यावर बोलावतात, दाराला कडी लावतात, आणि मग काय करतात ते तिने तीन वाक्यांत लिहिलं होतं. ती वाक्यं मी इथे लिहिणार नाही, ती तिची आहेत. एवढंच सांगते की वाचताना मला शंका आली नाही. मी वीस वर्षं निबंध तपासले होते. मनाचं रचून लिहिलेलं आणि घडलेलं, यांतला फरक मला कळत होता.

कार्यवाह तुमच्या आजोबांचे मित्र. रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला येत. तिचं म्हणणं एवढंच, की मी तो कागद त्यांच्या हातात द्यावा.

लाल पेन्सिल माझ्या हातात होतीच. मी अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, "मा. मुख्याध्यापक यांच्यामार्फत". आणि तिला म्हटलं, "अर्ज असा थेट जात नाही. थ्रू प्रॉपर चॅनल जायला हवा. हे वर घालून स्वच्छ प्रत काढ आणि ऑफिसात दे. सर तो पुढे पाठवतील."

"बाई, पण तो सरांच्याबद्दलच आहे."

"तरी नियम तोच."

मी पुढे केलेल्या कागदाची तिने घडी घातली. बाहेर कवायतीची शिट्टी वाजत होती. मग तिने विचारलं, "आणि पाठटाचण?"

"ठीक आहे," मी म्हटलं, आणि वहीवर सही केली.

नियम होता, हे खरं. रजेचा अर्ज असो की बदलीचा, सगळे मार्फतच जात. बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल, पण शाळेत उभं आयुष्य काढलेल्या कुणालाही ते वाटणार नाही. तरीही त्या क्षणी मी नियमाचा विचार करत होते असं लिहिलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. सर दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, ते ठरायचं होतं. माझा गोपनीय अहवाल ते लिहीत. आणि गावात त्यांना मान होता, मलाही ते आवडत. मी तो कागद हातात घेतला तेव्हाच मला तो नकोसा झाला होता, आणि नियम समोर पडलेला सापडला.

दोन वर्षांनी मी मुख्याध्यापिका झाले. तुमच्या आईने तिकडे दिवाणखान्यात लावलाय तो माझा खुर्चीतला फोटो, मोठा हार घातलेला, त्या दिवशीचा आहे.

तर इतिवृत्त. आमच्या मंडळात मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या शनिवारी वाचून दाखवतात, एकीने मान्य म्हणायचं, दुसरीने अनुमोदन द्यायचं, मग अध्यक्ष सही करतात. सही झाली की ते कायमचं. मी रविवारी लिहायला बसले. तिच्या बोलण्यापाशी आले आणि लिहिलं, "एका सदस्येने आपला वैयक्तिक अनुभव सांगितला." वाक्य नीटनेटकं होतं. बुधवारपर्यंत मी ते तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा तसंच आलं. तो कागद आता कुठे असेल कोण जाणे, पण तो होता हे जगात फक्त दोघींना ठाऊक होतं. त्यातल्या एकीचं मंडळाने ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी गप्प राहिले असते तर पुढच्या शनिवारच्या सहीनंतर ती कायमची खोटी ठरणार होती, माझ्या अक्षरात.

गुरुवारी सकाळी मी पालीला गेले. बाजारापासून तिचं घर दहा मिनिटांवर आहे, चढाचं. पडवीत चार मुली गणितं करत बसल्या होत्या आणि ती त्यांच्या वह्या निळ्या पेनाने तपासत होती.

"बाई? एसटीने आलात? गुडघ्याचं काय?" ती उठली. "फोन करायचात."

मुलींना तिने पुढची दोन गणितं दिली आणि मला मागच्या अंगणात नेलं. खुर्ची दिली. स्वतः जांभ्याच्या पायरीवर बसली.

"त्या दिवशी तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं," मी म्हटलं. "मी आठवत नाही म्हणाले."

"कळलं मला. बँकेतल्या तिचा फोन आला होता."

"मला आठवतंय."

"ते मला माहीत आहे. तुम्ही काही विसरत नाही."

मग मी जे विचारलं त्याची आत्तासुद्धा लाज वाटते. मी विचारलं, "तो कागद आहे का गं तुझ्याकडे?"

ती हसली. मनापासून, आवाज करून. पडवीतल्या मुलीही गप्प झाल्या. "बाई, अजून तुम्हाला कागदच हवाय? चुलीत घातला मी तो, त्याच संध्याकाळी. वर तुमचं लाल अक्षर होतं ना. माझ्या वडिलांना फारसं वाचता येत नव्हतं, पण लाल अक्षर म्हणजे पोरीची काहीतरी चूक, एवढं त्यांना कळायचं."

मी मांडीवरची पिशवी नीट केली.

"आणि मी मार्चपर्यंत होते तिथे," ती म्हणाली. "तेही तुम्हाला माहीत होतं. हजेरीपट रोजच तपासायचा असतो."

तिने हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. मुलीला उत्तर कुठे चुकलं ते दाखवतात, त्या आवाजात म्हटलं. मी क्षमा मागितली. आधी मराठीत मागितली, मग का कोण जाणे, इंग्रजीतही. तिने दोन्ही ऐकून घेतल्या. माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे बघून म्हणाली, "काय लिहिलंय?"

मी दाखवलं. तिने ते वाक्य वाचलं.

"अनुभव काय, कुणालाही येतो," ती म्हणाली. "मी अर्ज दिला होता. अर्ज लिहा."

"तुझं नाव नाही घालत."

"माझं नका घालू, सगळ्यांना माहीत आहे. तुमचं घाला."

मग ती मुलींकडे गेली. त्यांची गणितं झाली होती.

शनिवारी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, दाराजवळ बसली. मी उभी राहिले. मुख्याध्यापिका म्हणून मी बाराशे मुलांसमोर उभी राहत असे, पण त्या दिवशी अकरा बायकांसमोर वही हातात न धरता मी ती टेबलावर टेकवली. वाचलं ते असं:

"चर्चेत एका सदस्येने, आपण शिक्षिका असताना मुख्याध्यापकांच्या गैरवर्तनाविरुद्ध लेखी अर्ज दिला होता, असे सांगितले. याविषयी विचारले असता चिटणीसांनी आठवत नाही असे उत्तर दिले. ते उत्तर खोटे होते. सदर अर्ज चिटणीसांनी स्वतः वाचला होता आणि त्यातील मजकूर त्यांना खरा वाटला होता. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत यावा असे त्यांनी सुचवल्यामुळे शिक्षिकेने तो परत घेतला."

खाली माझं पूर्ण नाव होतं, तेही वाचलं.

"अगो बाई," वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण एवढं सगळं वहीत कशाला? उद्या कुणी उघडून बघितलं तर मंडळाची शोभा."

बँकेतली माझ्याकडे बघत होती. तिच्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतली कुणीही माझ्याकडे तसं बघितलेलं नाही. मेट्रनबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "इतिवृत्त वाचून झालेलं आहे. मान्य?"

कुणीच हात वर केला नाही.

"दुरुस्ती आहे," दाराजवळून आवाज आला.

वहिनी सवयीने पुटपुटल्या, "नाव दिलंय काय?" कुणी हसलं नाही. वहिनींनी स्वतःच मान खाली घातली.

"शेवटच्या ओळीत आहे की मी अर्ज परत घेतला," पालीची म्हणाली. "मी परत घेतला नाही. मला परत दिला."

मी वहीत बघितलं. दोन दिवस घासून पुसून, स्वतःचं नाव घालून, खोटं बोलले हेही कबूल करून मी ते वाक्य लिहिलं होतं, आणि तरी त्यात शेवटचं काम तिच्याकडून करवून घेतलं होतं. ठरवून केलं नव्हतं. तेच जास्त वाईट.

इतिवृत्तात चूक दुरुस्त करायची एक पद्धत असते. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचे आणि समासात सही करायची. मी "शिक्षिकेने तो परत घेतला" यावर रेघ मारली. वर लिहिलं, "चिटणीसांनी तो शिक्षिकेला परत दिला." सही केली. मोठ्याने वाचून दाखवलं.

"मान्य," बँकेतली म्हणाली.

अनुमोदनाला वेळ लागला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, एरवीपेक्षा बऱ्याच हळू, "अनुमोदन. लिहा माझं." मेट्रनबाईंनी सही केली. मी चिटणीसपद सोडते असं म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडून कुठे जाताय? वही लिहा." बरोबरच होतं. सोडणं सोपं होतं.

त्या दिवशीचं पुस्तक पुढे सुरू झालं. सव्वापाचला पालीची उठली आणि गाडीला गेली.

धाकटे, तुला पाठवलेले तीन मुद्दे तुझ्या फोनमध्ये आहेत तसे राहू देत. मी ते माझ्याकडूनही पुसलेले नाहीत. ती अकरा पुस्तकंही कपाटात आहेत. ती काढून टाकली तर मी माझा दोष त्यांच्या माथी मारल्यासारखं होईल, आणि ते गृहस्थ काही त्या शुक्रवारी माझ्या खोलीत नव्हते. तो हार घातलेला फोटो मात्र आईला भिंतीवरून उतरवायला सांगा. कारण विचारलं तर हे वाचायला द्या.

पालीची अजून दर शनिवारी येते. माझ्याशी बोलत नाही असं अजिबात नाही. पुस्तक मागते, पाऊस आहे का विचारते, मागच्या आठवड्यात कोकमाची बाटली आणून दिली. पण बत्तीस वर्षं ती मला "बाई" म्हणत होती, त्या शुक्रवारीही, नंतर बाजारात भेटली तेव्हाही, पालीच्या त्या अंगणातसुद्धा. आता म्हणत नाही. खुर्ची ओढताना वाटेत मी असले तर म्हणते, "अहो, जरा सरकता का?"

मी सरकते.